तक्त्यावरचं माझं माहेरचं नाव

माझी सून इथलीच, गोरी. तिचे पूर्वज आयर्लंडहून आले. ते कोण, कुठल्या गावचे, कुणाचे कोण, हे शोधायचा तिला नाद आहे. मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या आमच्या घरात जेवायचं टेबल जेवायला मिळत नाही. त्यावर जुन्या आयरिश वर्तमानपत्रांचे आणि पुस्तकांचे छापलेले कागद पसरलेले असतात. मुलगा आणि मी ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसतो. दुसऱ्या कुठल्या सुनेने हे केलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. हिला सुनावायला माझं इंग्रजी पुरत नाही.

मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं इथे येऊन शिकले, दुधाच्या बाटल्यांवरून आणि वेरिबीच्या ट्रेनच्या पाट्यांवरून. गेल्या हिवाळ्यात सुनेने एका कागदावर तिच्या घराण्याचं आडनाव आणि खापरपणजी ज्या जहाजाने आली त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि म्हणाली, "आई, यातला शब्द कुठे दिसला तर त्याला गोल कर." कॉम्प्युटर शोधतो, पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची फुटलेली शाई त्यालाही धड वाचता येत नाही, तिथे डोळेच लागतात. मला काय, तांदूळ निवडल्यासारखंच. भिंग घेऊन खिडकीशी बसायचं आणि एकेक ओळ बोटाखालून न्यायची. कळत काही नव्हतं, पण दिसत सगळं होतं.

संध्याकाळी ती मला गोल केलेलं वाचून सांगायची. ती इंग्रजीतच बोलते, मी इथे माझ्या भाषेत लिहिते आहे. कुणी कुणाचं बदक चोरलं, कुणाची गाय विकायला काढली, कुठल्या गावात चाबूक विकणारा कोण आणि मेणबत्त्या विकणारा कोण. पुरुषांची पानंच्या पानं. बायका म्हणजे अमक्याची बायको, तमक्याची विधवा. ती वैतागायची.
"बायका गेल्या कुठे, आई? यांना नावं नव्हती का?"
"होती. लिहायला कुणाला वेळ नव्हता," मी म्हणाले.

जी हवी होती ती मला सापडली. शेवटच्या पानावर, अगदी कडेच्या बारीक रकान्यात. परदेशी गेलेल्यांची चौकशी करणारी माणसं तिथे जाहिरात द्यायची. एका आईने छापलं होतं की माझी मुलगी मेलबर्नच्या जहाजात बसली, पत्र नाही, कुणाला ठाऊक असेल तर गावच्या पाद्र्याला कळवा. मुलीचं नाव, बापाचं आडनाव, गाव, सगळं होतं. पहिलं नाव जुळलं, जहाज जुळलं, हीच सुनेची खापरपणजी. सुनेला ती फक्त लग्नानंतरच्या आडनावाने माहीत होती, म्हणून इतकी वर्षं सापडत नव्हती. सून कागद छातीशी धरून रडली. मी नाही रडले.
"मग आईला मुलगी मिळाली का?" मी विचारलं.
"माहीत नाही. बहुतेक नसेल. इथे लग्न झालं, आडनाव बदललं, शोधणार कशी?"
"शोधली तर होती," मी म्हणाले. "आणि हिचं निदान पहिलं नाव तरी राहिलं. आमचं तेही जातं."

तिला हे माहीत नव्हतं. बारा वर्षं माझ्या घरात आहे आणि माहीत नव्हतं. माझ्या मुलाने सांगितलं नसणार, त्याला कधी प्रश्नच पडला नसेल. मी सांगितलं, लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून तुम्ही ती. माझ्या सासूबाईंना माझं आधीचं नाव आवडलं नव्हतं. त्यांच्या नणंदेचं तेच होतं आणि नणंदेशी त्यांचं पटत नव्हतं. झालं, एवढ्यावर माझं नाव गेलं.
"तुला विचारलं नाही?"
"मी खाली मान घालून बसले होते. विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं."

सुनेच्या आईच्या पंच्याहत्तरीला सगळं घराणं जमणार होतं. त्यासाठी सून वंशावळीचा मोठा तक्ता करत होती, दोन्ही बाजूंचा. तिच्या बाजूला माणसांची जत्रा. आमच्या बाजूला मुलाने तीर्थक्षेत्राच्या भटजींच्या वहीतून मागवलेले सात पुरुष, एकाखाली एक, विजेच्या खांबासारखे उभे. शेवटी माझा नवरा आणि शेजारी मी, तांदळातल्या नावाने.

मी मुलाला म्हणाले, "माझं खरं नाव घाल."
"आई, पासपोर्टवर आहे तेच राहू दे ना. उगाच कन्फ्यूजन."
"त्या पुस्तकात चाबूकवाल्याचंही लिहिलंय, माझं लिहायला काय होतं?"
तो फोनमध्ये बघत राहिला. नात तिच्या खोलीतून ओरडली, "डॅड, जस्ट पुट इट!" सुनेला पटलं होतं, पण तिचा एक नियम आहे. तक्त्यावर प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात लिहायचं, हे कुठल्या कागदावरून घेतलं. वर्तमानपत्र, चर्चची वही, दुकानदारांचं पुस्तक. सांगोवांगी एकही नाव नाही. तिच्या सख्ख्या आजोबांनाही तिने कागद मिळेपर्यंत बाहेर ठेवलं होतं.
"कागद हवा, आई. काहीही चालेल."

माझ्याकडे काय असणार? जन्माची नोंद कुणी केली नाही. लग्नपत्रिकेवर चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी म्हणून छापलं होतं, पण ती पत्रिका कुणी ठेवलेली नाही. राहिली शाळा. चार वर्षं त्या नावाने मी हजर म्हटलं होतं. गावी धाकटा भाऊ आहे, घर आणि शेती त्याच्याकडेच. त्याला फोन केला. म्हटलं, शाळेत जा, रजिस्टरमध्ये माझं नाव असेल, फोटो काढून पाठव.
त्याने आधी मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "कशाला हवंय, ताई?"
"सुनेला हवंय. घराण्याचा तक्ता करतीय."
"सून वकील आहे का?"
"दाताच्या दवाखान्यात आहे."
"मग तिला तुझं माहेरचं नाव कशाला? आपलं त्या वेळी सगळं ठरलं होतं ना? तू सही केली आहेस. आता कुणी शिकवलं तुला हे?"
मी आयर्लंडचं सांगायला लागले, वर्तमानपत्र, जहाज, ती आई. सांगताना माझं मलाच खोटं वाटायला लागलं. तो म्हणाला, "ताई, शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लं." शाळा त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तो गेलासुद्धा नव्हता.

दोन दिवसांनी त्याने फोनवर फोटो पाठवला. रजिस्टरचा नव्हे, हक्कसोडपत्राचा. वडील गेल्यावर त्याने मला आणि माझ्या नवऱ्याला तालुक्याला नेलं होतं. भावजयीने साडी नेसवली, पुरणपोळी वाढली, आणि जेवण झाल्यावर भावाने कचेरीत नेऊन सही घेतली. नवरा बाहेर जीपमध्ये बसून पेपर वाचत होता. मी कागद वाचला नव्हता. भावाचा कागद कोण वाचतं?

या वेळी खिडकीशी बसून भिंगाने वाचला. राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते की वडिलोपार्जित मिळकतीवर माझा वा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही. खाली माझं सासरचं नाव, आणि पुढे, लग्नापूर्वीचे नाव, अमुक, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. शाईचा एक ठिपका नाही, अक्षर न् अक्षर स्वच्छ. माझं नाव लिहिलेला एवढा एकच कागद माझ्या हाती आला, आणि तो मला घराबाहेर काढायला केलेला आहे. भावाने तो माझं तोंड बंद करायला पाठवला.

सुनेला दाखवला. ती खूश झाली. "आई, मिळालं! कसला कागद आहे हा?"
मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आमच्याकडेही हेच, आई. जमीन थोरल्या मुलाला, बाकीचे जहाजात." तिला वाटलं, मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. त्या मुलीच्या आईने निदान विचारलं होतं, ती कुठे आहे. मी इथे आल्यापासून बारा वर्षांत माझा भाऊ मला एकदाही म्हणाला नाही, ताई, तिथे थंडी असते का.

मुलगा मध्ये पडला. "नाव घाल, पण खाली कागदाचं नाव नको. लोक विचारतील. ऑड दिसतं."
"चर्चची वही ऑड दिसत नाही?" मी म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

पंच्याहत्तरीला तक्ता भिंतीवर लागला. सात खांबांच्या शेवटी माझी चौकट, तिच्यात माझं नाव, आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरात, जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्याला हवं त्याने येऊन भिंतीवर वाचावं. सुनेचा एक म्हातारा मामा चष्मा वर करून बराच वेळ वाचत उभा राहिला आणि मला म्हणाला, "सॉरी, लव्ह." मी म्हटलं, "नो वरीज," आणि केक घ्यायला गेले.

नातीने तक्त्याचा फोटो काढला होता. मी तिच्याकडून तो भावाला पाठवला. वाटलं, आता तरी त्याला कळेल की सून वकील नाही. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. "ताई, तक्ता छान आहे. पण आपला कागद तिकडच्या कुठल्या कचेरीत जमा तर केला नाहीस ना?"

उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. मी दिलं नाही. आठवडा झाला, तो रोज सकाळी नमस्काराचं चित्र पाठवतो आणि रात्री फोन करतो. मी उचलत नाही. माझी चौकशी त्याने इतकी कधीच केली नव्हती.