मामांची न उतरलेली भूल

गणेश टेबलावर आडवा झाला होता, सलाइन लागलं होतं, आणि त्याची आई ऑपरेशन थिएटरच्या दारातून ओरडली, "बाई, ह्याच्या मामाची भूल उतरलीच नव्हती!"

मी भूलतज्ज्ञ. शेवगावच्या त्या हॉस्पिटलात दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन पहिल्यांदाच होणार होतं. नवं मशीन बघायला आमदार येणार होते. मशीनला हार घातला होता. पेशंटला धड गाऊन नव्हता.

"घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय का, काल विचारलं होतं ना?"

"ते कसं सांगावं? लोक म्हनत्यात, पिऊन गेल्ता म्हनून उतरली न्हाई. मामा चहासुदिक घेत न्हाई, बाई! दिसभर मशीनवर श्वास हुता त्याचा."

घशात नळी घालायची तर स्नायू सैल करावे लागतात. त्यासाठी आम्ही स्कोलिन नावाचं इंजेक्शन देतो. रक्तातलं एक एंझाइम ते काही मिनिटांत मोडून टाकतं. काहींचं हे एंझाइम जन्मतःच सदोष असतं. मग स्नायू तासन्‌तास सैल राहतात, श्वासाचेसुद्धा. त्यासाठी दोष सहसा आई-वडील दोघांकडून यावा लागतो.

"तुमचे मालक नात्यातले?"

"सख्ख्या आत्याचा मुलगा."

मी सिरिंज खाली ठेवली.

"आमदार तिसगावच्या पुढे आलेत," सर्जन म्हणाले. "दुसरं औषध द्या."

"ते नगरहून मागवावं लागेल. व्हेंटिलेटरही तिकडेच आहे, सर. हर्निया थांबू शकतो."

"मग त्यांना दाखवू काय?"

"मशीन."

आमदारांनी रिकाम्या टेबलापुढे नारळ फोडला, ऑपरेशन उत्तम झाल्याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि गेले.

मामा-भाच्यांचं रक्त पुण्याला पाठवलं. दोघांचंही एंझाइम सदोष निघालं. पुढे गणेशचं ऑपरेशन दुसऱ्या औषधावर झालं. शुद्धीवर येताच त्याने मोबाईल मागितला.

मामांना रिपोर्ट मी फोनवर समजावला. ते दूध डेअरीवर होते. त्यांनी मुद्दाम स्पीकर लावला.

"म्हंजे मामा पीत नव्हता?" कुणीतरी विचारलं.

"भूल उतरली नाही ती एंझाइममुळे."

"ते झालं वो. पीत हुता का न्हाई?"

"ते या टेस्टमध्ये दिसत नाही."

फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी बहिणीकरवी मामांचा निरोप आला: पीत न्हाई हे दाखवणारी टेस्ट पुण्यात कुठं होते?

तेव्हापासून मी पेशंटला फक्त भुलेचा त्रास विचारत नाही. भुलेवरून घरात कुणाची बदनामी झाली आहे का, तेही विचारते. लोक खुर्ची ओढून सांगायला बसतात.