दाबाचा नियम आणि नऊ विटा

सरांनी कॉलेजात एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. घरातला बल्ब मात्र बायको बदलायची.

निवृत्तीनंतर सरांची नजर पडली सासऱ्यांच्या जुन्या ट्रकवर. सासरे गेल्यापासून तो अंगणात उभा होता. ब्रेकचं पेडल दाबलं की खालून तेल ठिबकायचं. गल्लीतल्या मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि सांगितलं, "मास्टर सिलिंडर गेलाय. नवीन टाकतो, अर्ध्या दिवसाचं काम."

"हातोडेबहाद्दरांच्या हाती मी यंत्र देत नाही," सर म्हणाले. "द्रवाचा दाब मी शिकवलाय."

मिस्त्री हसला आणि चहा न घेताच गेला.

चार दिवस सर ट्रकखाली आडवे होते. त्यातले तीन एका गंजलेल्या नटाने खाल्ले. शेवटी नवा सिलिंडर बसला, तेल भरलं. आता नळ्यांतली हवा काढायची होती. बायको केबिनमध्ये बसून पेडल दाबून धरायची, सर चाकामागचा छोटा नट सैल करून बुडबुडे सोडायचे. सगळ्यात जवळचं चाक झालं आणि सर हात पुसत उठले.

"अहो, बाकीची तीन?"

"अगं, बंद द्रवात दाब सगळीकडे सारखाच पोचतो. नियमच आहे तसा."

"पेडल मऊ लागतंय पण. बाबांच्या वेळी असं नव्हतं."

"तुझ्या बाबांना नियम कुठे ठाऊक होता!"

बाईंनी पेडल आणखी एकदा दाबून पाहिलं. वडिलांच्या मांडीवर बसून त्या याच ट्रकचं स्टिअरिंग शिकल्या होत्या. सरांनी ते कधी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी शेजाऱ्यांना बोलावून सरांनी ट्रक काढला. अंगण फाटकाकडे उतरतं. सरांनी ब्रेक दाबला, पेडल थेट तळाला टेकलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. सरांच्या तोंडून एक चमत्कारिक किंकाळी निघाली. शेजारी बसलेल्या बाईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. ट्रक करकचून थांबला खरा, पण कुंपणाच्या नऊ विटा पाडूनच.

सर खाली उतरले तेव्हा कुंपण मोडलं होतं, तोंड मात्र शाबूत होतं. "हँडब्रेकची चाचणी उत्तम झाली," त्यांनी जाहीर केलं. शेजारी पडलेल्या विटा मोजत होते.

मिस्त्रीला बाईंनीच फोन केला. तो आला, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू झाला, आणि नळीतून भसाभसा हवा निघाली.

"नियम बरोबर आहे, सर," तो म्हणाला. "पण तो तेलाचा. हवा दबते आणि मजेत बसून राहते."

सरांचा चेहरा पडला. हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

"तू आधी का नाही बोललीस?" ते बायकोवर खेकसले.

"बोलले होते. तुम्ही शिकवत होतात."

पेडल दगडासारखं घट्ट झालं, तशा बाई ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या. मिस्त्री शेजारी बसला. दोघं चौकापर्यंत चक्कर मारायला निघाले. मागे राहिलेले सर शेजाऱ्यांना सांगू लागले, की मुळात विटाच कच्च्या होत्या.