वाटीभर दूध

उचगावच्या दूध संस्थेत मी दुधाची फॅट मोजायचो. कुणी पाणी घातलं तर माझ्या नजरेतून सुटत नसे, आणि त्याची मला भलती घमेंड होती. नव्वद साली आमची थोरली मुलगी झाली. दोन महिन्यांची झाली तरी अंगावर पाजलं की दूध बाहेर. बायकोचा खांदा कायम ओला. "पोरगी हसतीया, वजनबी वाढतंय की," ती म्हणायची. पण माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. हिच्या दुधातच कस नाही, असा निकाल मी देऊन टाकला.

एका सकाळी तिला वाटीत दूध काढायला लावलं आणि ते संस्थेत नेलं. हे लिहितानाही मान खाली जाते. रांगेतल्या एकानं विचारलं, "ह्ये कुणाचं वो?" मी म्हणालो, "शेळीचं." फॅट म्हशीच्या निम्म्यावर आली. घरी येऊन तो आकडा मी बायकोला तोंडावर ऐकवला. त्याच दिवशी बाटलीनं म्हशीचं दूध सुरू केलं. तिच्या छातीत गाठी झाल्या, ताप भरला, महिन्याभरात दूध आटलं. पोरीचं ओकणं मात्र वाढलं.

शेवटी पोरीला शहरात, राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "पोटाच्या वरची झडप अजून कच्ची असते, दूध वर येतंच. पाजल्यावर थोडा वेळ उभं धरायचं. पण आईचं दूध कुणी तोडलं?" मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसलो. बायकोनं माझं नाव घेतलं नाही. "आटलं," एवढंच म्हणाली.

दहाएक वर्षांनी धाकटा झाला. तोवर दवाखान्यातच बजावून सांगायला लागले होते, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. गुटी नको, मध नको, बाटली तर नकोच. हाही ओकायचा. त्याला खांद्यावर उभा धरून मी बायकोला शहाणपणानं म्हणालो, "घाबरू नगंस, बाळाचं दूध वर येतंयच."

"मला ठाऊक हाय. तवाबी ठाऊक हुतं."

"मग तवा ठासून का बोलली न्हाईस?"

तिनं पदरानं पोराचं तोंड पुसलं. "शेळी कवा बोलती व्हय?"

रांगेतलं ते बोलणं मी घरी कधी सांगितलं नव्हतं. पण आमच्या दारात शेळी नाही, हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. दहा वर्षं तिनं ते पोटात ठेवलं होतं.