दोरीपलीकडचा देव

तोवर मुलुंडला इतिहास नव्हता. भातशेती होती, डास होते, स्टेशन होतं. मग निवृत्त साहेबांच्या एका मंडळाने ग्रंथालयामागच्या दोन खोल्यांत ‘स्थानिक कला व इतिहास संग्रहालय’ काढलं आणि आम्हाला इतिहास मिळाला. तो जमवण्याची रीत सोपी होती. गावठाणात जायचं, एखादी वस्तू डोळ्यांत भरली की तिला ‘दुर्मिळ’ म्हणायचं आणि उचलायची.

रस्ता रुंद करताना वेशीवरचा शेंदूर फासलेला देव आडवा आला, तो मंडळाने ‘जतनासाठी’ नेला. इतक्या पिढ्यांच्या शेंदराखाली कोरीव मूर्ती असणारच, असं मंडळाच्या चिटणिसांचं ठाम मत. एका रविवारी धोतर खोचून त्यांनी सुरीने शेंदूर खरवडला. खाली दगड निघाला. नुसता दगड. मग पाटी लागली, ‘प्राचीन शिल्प. अस्पष्ट.’ पुढे दोरी बांधली. लोकांचा देव लोकांपासूनच राखायचा, ही सुशिक्षितांची जुनी खोड.

‘मुंबईसह महाराष्ट्र’ चळवळीची पत्रकं लिहून माझा हात सुटलेला होता, म्हणून मी याही चोरीवर एक जळजळीत पत्रक काढलं. वाण्याने त्यात जिरं बांधून दिलं.

माझी घरमालकीण, गावठाणातली आगरी काकी, पत्रकाच्या भानगडीत पडली नाही. तिच्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. त्यांच्यात लग्नाची पहिली अक्षत वेशीवरच्या देवाला. त्याला आमंत्रण गेल्याशिवाय हळद लागत नाही आणि मांडवात आणून त्याला पान वाढल्याशिवाय पंगतीत कोणी घास घेत नाही.

“देव तर तुमच्या त्या म्युझममधी,” ती म्हणाली. “चल पोरा, दाखव कुठं कोंडलाय.”

पहिल्या खोलीत देणगीदारांच्या तसबिरी आणि चिटणिसांच्या आजोबांची पगडी. भिंतीवर ‘पाणवठा’ नावाचं मोठं चित्र. गालांवर लाली, कमरेत लचक, डोक्यावर घागर.

“ही कुठली रं?”

“आपल्याकडचीच म्हणे.”

“पाणी भरणारी असं उभी ऱ्हाते व्हय? हिला कुणीतरी थांब म्हटलंय.”

पुढे काचेत सूप. काकी खो-खो हसली. “अरं, माझं पण ठेव म्हणावं. ह्याच्यापेक्षा फाटकं हाय!”

दुसऱ्या खोलीत देव दिसला आणि तिचं हसू गेलं. “अगं बाई, पार उघडा केला की ह्याला.” ती अक्षत काढून दोरीखालून वाकली, तोच चिटणीस धावले.

“बाई, हात लावायचा नाही! हे पूजास्थान नाही, संग्रहालय आहे.”

“पूजा कुठं करते? लग्नाला बोलवते.”

“दगडाला?”

“दगड होता, तर उचलून कशाला आणलात?” मी म्हणालो. माझ्याकडे पुढचं भाषण तयार होतं. काकीने हातानेच मला गप्प केलं.

“हा हितं ऱ्हातो ना आता?” तिने चिटणिसांना विचारलं.

“हो. मंडळाच्या ताब्यात आहे.”

“म्हंजे तुमच्या घरी ऱ्हातो. मग यजमान तुम्ही.” तिने अक्षत त्यांच्या तळहातावर ठेवली. “रविवारी लेकीचं लगीन. पाहुण्याला घेऊन यायचं. एकट्यानं येऊ नका.”

चिटणीस हसले आणि “येईन हं” म्हणाले. गावठाणातल्या जात्यांवर आणि पितळी समयांवर त्यांचा डोळा होता, ते न आले तरच नवल. आमंत्रण पोचलं म्हणून काकीने निर्धास्तपणे हळद लावली.

रविवारी ते आले. काळा कोट, हातात छडी. एकटे. लग्न लागलं, पानं मांडली. पहिलं पान देवाचं, शेजारचं यजमानाचं. चिटणीस ऐटीत बसले. पानं वाढून झाली, पण भाताला कोणी हात लावेना.

“पाहुना कुठं हाय?” पलीकडून एका म्हाताऱ्याने विचारलं.

“कोण पाहुणा?”

“अवो, तुमच्याकडं ऱ्हातो त्यो!”

“ते असं आहे, मंडळाची बैठक झाल्याशिवाय वस्तू बाहेर…”

“वस्तू?” नवरदेवाचा मामा उठून उभा राहिला. भुकेलेला मामा. “आमी घाटकोपरास्नं उपाशी आलो, आन् ह्यांचा पाहुना कुलपात?”

“आणा की राव!”

“मंडळाला पण जेवायला बोलवा!”

वरण निवू लागलं. काकी चिटणिसांच्या पानाशी गेली आणि अगदी मायेने म्हणाली, “दादा, तुम्ही जेवा की. तुम्हाला कुणी अडवलंय?”

चिटणीस उठले. खिशातून किल्ली काढली. पाठोपाठ हातगाडी घेऊन चार जण निघाले, मीही धावलो.

देव आला तो गळ्यात मंडळाची पाटी घेऊनच. काकीने पाटी काढून चिटणिसांच्या हातात दिली आणि देवाच्या अंगभर शेंदूर फासला. मग पंगत जेवली. चिटणीसही जेवले, दोनदा भात घेऊन.

हात धुताना ते काकीला हळूच म्हणाले, “मग उद्या सकाळी गाडी पाठवतो.”

“कशाला?”

“शिल्प न्यायला.”

“आता त्यो आमच्याकडं ऱ्हातो,” काकी म्हणाली. “तुमच्या घरी काही कार्य निघालं की सांगा. मी घेऊन येते.”