इंदूबाईंची सावलीतली खुर्ची

वलगावच्या इंदूबाई मार्चअखेर अंगणवाडीतून निवृत्त होणार होत्या आणि त्यांना हौस एकच होती, निरोपाच्या फोटोत तोंड चांगलं दिसावं. उभा जन्म घरोघरी सर्वे करत उन्हात गेला. गालांवर, कपाळावर वांगाचे काळे डाग. मी शेजारच्या अंगणवाडीची सेविका. डाग मलाही आहेत, पण मी केव्हाच हात टेकले. बाईंनी मात्र अमरावतीची कातडीची डॉक्टरीण गाठली.

डॉक्टरणीने ट्यूब दिली. यात अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध आहे, रात्री लावा, ऊन टाळा, म्हणाली. वऱ्हाडात ऊन टाळायचं म्हणजे जायचं कुठे, ते काही सांगितलं नाही. रात्री भाकर पोटात गेली की बाईंचा डोळा उघडा राहत नसे. शिवाय जीवनसत्त्व म्हटलं की त्यांना ऊनच आठवायचं. बाळाला तेल लावा, कोवळ्या उन्हात धरा, हे त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलेलं. म्हणून बाई रोज सकाळी मलम चोपडून पायरीवर उन्हाकडे तोंड करून बसायच्या आणि तशाच गृहभेटींना निघायच्या.

समारंभ आठवड्यावर आला आणि चेहरा लालबुंद, सालपटं निघालेली. मी त्यांना पुन्हा डॉक्टरणीकडे नेलं.

"आजी, कातडीत अ जीवनसत्त्वाचा साठा असतो, तो ऊन संपवतं," ती म्हणाली. "वरून लावलेलंही उन्हात वाया जातं आणि या औषधाने कातडी आणखी हळवी होते. आता मलम बंद."

बाईंनी गालावरून हळूच बोट फिरवलं. म्हणाल्या, "म्हंजे माहा साठा सर्वे करता करताच सरला."



निरोपाच्या दिवशी शाल दिली, भाषणं झाली. फोटोवाल्याने खुर्ची अंगणाच्या मधोमध मांडली. "काकू, उन्हात या. तोंडावर उजेड पाह्यजे."

इंदूबाईंनी खुर्ची उचलली आणि निंबाखाली नेली.

"तिथं तोंड काळं येईन," तो म्हणाला.

"येऊ दे. जनमभर उन्हात फिरली. आता सावलीत बसून राहिली मी, एवढं दिसलं तरी बस झालं."

फोटोत तोंड काळंच आलं. बाई मात्र खुर्चीला पाठ टेकून बसल्या आहेत. इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.