टाऊन हॉलची पश्चिमेची भिंत

"पश्चिमेची भिंत ओलीनं फुगलीय, पाडावी लागेल," पुण्याचे कन्सल्टंट मीटिंगमध्ये म्हणाले आणि माझं डोकं फिरलं.

काम इंदापूरकडच्या एका जुन्या टाऊन हॉलचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. खाली घडीव काळा दगड, वर भाजक्या विटांच्या कमानी, सागवानी कैच्यांवर कौलं. इमारत इंग्रजांच्या काळातली, पण बांधली आपल्याच गवंड्यांनी. सगळी जोडाई चुन्यात. रिपेअरचं टेंडर मला लागलं होतं. मी जळोचीचा, पाट्या वाहत कॉन्ट्रॅक्टर झालेला. डिग्री नाही, त्यामुळे मीटिंगमध्ये माझी खुर्ची दाराजवळची असते.

भिंत गेली की तिच्यावर टेकलेल्या कमानी जाणार, कमानींमागून छप्पर. मग उरणार पोर्च आणि त्यामागे स्लॅबचा डबा.

मी म्हणालो, भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी आहे, फुगलंय ते प्लास्टर. चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि वाऱ्याला देऊन टाकते. तिच्यावर सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते.

"तुमची लॅब आहे का?" कन्सल्टंटांनी विचारलं.

मी चार शब्द जास्त बोललो. नगरपालिकेच्या चीफ ऑफिसर मॅडमनी मला थांबवलं. एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तुकडा, सिमेंट काढून चुन्यात करून दाखवा म्हणाल्या. वाळला तर भिंत राहील, नाही वाळला तर पाडायचा खर्च माझा. त्या पंधरा दिवस म्हणाल्या, मी तीन महिने. दीड महिन्यावर तुटलं.

अडचण एवढीच, की मला चुना येत नव्हता. येणारा एकच माणूस माहीत होता. कऱ्हाटीचे गवंडी बाजीतात्या. त्यांच्याच हाताखाली मी थापी धरायला शिकलो, पण वीस वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

तात्या बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मी दुप्पट हजेरी सांगितली, न्यायला-आणायला गाडी सांगितली. ते शेंगाच फोडत राहिले.

"पैका न्हाय लागत मला," ते म्हणाले. "त्या भितीला सिमेंट कुणी फासलं, ते सायबास्नी सांगितलंस का?"

ते प्लास्टर माझंच होतं. माझं पहिलं सरकारी काम. तात्या तेव्हा परांचीखाली उभे राहून नको म्हणत होते. मी चारचौघांत त्यांना म्हणालो होतो, तात्या, तुमचा जमाना गेला. त्यांनी थापी खाली ठेवली आणि ते निघून गेले.

"तात्या, सांगितलं तर मला ब्लॅकलिस्ट करतील."

"मग ऱ्हा तुझ्या नावासंगं. भित जाऊ दे."

काम संपल्यावर सांगतो म्हणालो. निम्मं झाल्यावर सांगतो म्हणालो. नुसतं मॅडमच्या कानावर घालतो म्हणालो. जन्मभर घासाघीस करून पोट भरलं, पण त्या बाजेपाशी माझं काही चाललं नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं. कन्सल्टंटांनी पेन खाली ठेवलं.

"आणि हे आत्ता का सांगताय?" मॅडमनी विचारलं.

"त्याशिवाय गवंडी येत नाही म्हणतो."

मॅडम हसल्या आणि काम चालू ठेवा म्हणाल्या. कन्सल्टंट हसले नाहीत.

सिमेंट उतरवलं तेव्हा आतली कमान दिसली. एकेक वीट घासून पाचरीसारखी केलेली, सांध्यात नख जाईना. हे मी झाकलं होतं. तात्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विटा वाऱ्याला उघड्या ठेवल्या. तोवर चुना भिजवला, वाळू घालून घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळला. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी पडतं, पकड येते. मी आणलेला गूळ तात्यांनी चाखला आणि परत दिला. "चहाला ने." दुसरा आणला. पातळ थर, वर थापीची ठोकणी, आठ दिवस ओलं गोणपाट.

मुदतीच्या दिवशी कन्सल्टंट ओल मोजायचं मीटर घेऊन आले. तीन जागी लावलं. बॅटरी बदलून पुन्हा लावलं. मग फाईलवर सही केली. भिंत राहिली, कमानी राहिल्या, आणि पुढचा सगळा हॉल आम्ही चुन्यातच केला. आज भर पावसात त्या भिंतीला पाठ लावून बसा, शर्ट ओला होत नाही.

उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर सगळ्यांची नावं आली. कन्सल्टंटांचंसुद्धा. माझं आणि तात्यांचं नाही. विचारलं तर म्हणे, जागा पुरली नाही. तो राग अजून आहे, आणि राहील.

तात्या त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसले होते. भाषणं चालू असताना ते भिंतच बघत होते. निघताना म्हणाले, "दुसऱ्या गाळ्यात ठोकणी कमी पडलीया."

सोमवारी माणसं पाठवून तो तुकडा पुन्हा केला.

आता जुन्या इमारतीचं टेंडर भरण्याआधी मी एकच चौकशी करतो, शेवटचं प्लास्टर कुणी केलं होतं. बहुतेक वेळा तो माणूस अजून धंद्यात असतो, आणि माझ्यासारखंच त्यानंही ते कुणाला सांगितलेलं नसतं.