सांगून जाणारे निनावे साहेब

माझे भाऊजी चंद्रभान निनावे पालिकेच्या आरोग्य विभागात निरीक्षक होते. खासगी दवाखान्यांमध्ये खाटा, औषधं, कचरा, यंत्रं सगळं नियमाप्रमाणे आहे का ते बघायचं आणि वैद्यकीय अधिकारी सोनिका मॅडमसमोर अहवाल ठेवायचा, हे त्यांचं काम. अशा खात्यात राहूनही हा माणूस कधी कुणाच्या चहाचा मिंधा झाला नाही. माझ्या ताईला, प्रेमलताला, याचा अभिमान होता. शेजारणींकडे नवीन सोफा आला की मात्र ती दोन दिवस घुश्शात असायची.

भाऊजींना एकच खोड होती. ते कुठेही न सांगता जात नसत. त्यांचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. त्यांच्या लहानपणी घरात माग आणि गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, म्हणजे मागावर चढवायची उभी सुतं, पसरलेला असे. न सांगता आलेला पाहुणा हमखास त्यात पाय घालायचा आणि दिवसभराची मेहनत मातीत जायची. म्हणून आधी निरोप धाडायचा, मग यायचं. गावातले माग केव्हाच गेले, भाऊजी नागपूरकर झाले, पण ही रीत त्यांनी सोडली नाही. दवाखान्याच्या तपासणीलाही आदल्या दिवशी फोन करून, ‘उद्या येऊ का?’ असं विचारून जात.

माझं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. मी त्यांना नेहमी म्हणायचो की वजनकाटे तपासणारा माणूस असा विचारून आला असता, तर मी त्याला रोज ओवाळलं असतं. त्यावर ते चिडायचे. धाड घालायला मी काय पोलीस आहे का, म्हणायचे. डॉक्टर शिकलेली माणसं, त्यांचा मान ठेवला की ती आपणहून सुधारतात, असा त्यांचा सिद्धांत होता.

आणि दवाखाने सुधारलेही होते! भाऊजी जातील तिथे हिरव्या, पिवळ्या काठाच्या कोऱ्या करकरीत चादरी. दारात प्लास्टिकचं तेच पामचं झाड. ऑपरेशनच्या खोलीत चकचकीत मॉनिटर. आता सगळ्यांनी हिरवाच रंग पसंत केलेला दिसतो, असं ते कौतुकानं सांगायचे. मी भांडी विकतो, माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी वाजायला हवं होतं. पण घरातल्या हुशार माणसाचं आपण ऐकून घेतो, तसं मीही घेतलं.

मग ताईच्या पित्ताशयात खडे निघाले. भाऊजींनी नंदनवन भागातला एक दवाखाना निवडला, कारण त्यांनीच त्याला सगळ्यात चांगला शेरा दिला होता. मला सक्त ताकीद मिळाली की ओळख सांगायची नाही. तपासणाऱ्या माणसानं बायकोसाठी खास सोय करून घेतली असं कुणी म्हणता कामा नये. म्हणून ताईला भरती मी केलं, आणि साहेब सुट्टी टाकून समोरच्या टपरीवर बसले. डबा माझ्या हातून वर जायचा, रिकामा खाली यायचा. बायको आजारी असताना नवरा लपून बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ताईच्या शेजारच्या खाटेवर रोशनी नावाची उमरेडची पोर होती. पहिलटकरीण, पोटात मूल आडवं. सकाळी आधी तिचं सिझेरियन, मग ताईचं ऑपरेशन असं ठरलं होतं. पोर घाबरली होती. ताई स्वतःच्या पोटावर हात दाबून तिला धीर देत होती आणि मधूनच मला दटावत होती, की मी फार बडबड करतो.

दुपारी दोन कर्मचारी ऑपरेशनच्या खोलीतून मॉनिटर ढकलत बाहेर आले. भूल दिलेल्या माणसाचे ठोके आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं ते यंत्र. दवाखान्यात ते एकच होतं. जिन्याचं दार जड, म्हणून मीच ते धरून ठेवलं. खाली ई-रिक्षा उभी होती. दुकानदाराची सवय, मीच म्हटलं की काच वर ठेवा, खाली गादी घाला. मागून पामचं झाड आलं, हिरव्या चादरींचा गठ्ठा आला. तोही मी हातभार लावून चढवला. मग सहज विचारलं, बिघडलं का?

‘‘बिघडलं नाही दादा,’’ त्यातला एक म्हणाला. ‘‘चौकापलीकडच्या दवाखान्यात उद्या तपासणी हाय. हे सामान सगळ्यायकडं फिरते, आमची होती तवा त्यायच्याकडून आलं होतं. निनावे साहेब लय भला माणूस, आधी सांगते. तपासणी झाली का दुपारी वापस येईन.’’

मी विचारलं, सकाळी इथे दोन ऑपरेशनं आहेत, त्यांचं काय? तो म्हणाला, डॉक्टर नाडी पाहून करून घेतात.

मला असा राग आला की काय सांगू. यंत्रावर, डॉक्टरवर, आणि सगळ्यात जास्त समोर टपरीवर चहा फुंकत बसलेल्या भल्या माणसावर. ‘उद्या येऊ का?’ हा फोन त्यांनी सकाळी टपरीवरूनच केला होता. मी खाली जाऊन सगळं सांगितलं. त्यांना आधी पटेचना. मग मी फक्त हिरव्या चादरी, पिवळे काठ एवढंच म्हटलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. शहरभर फिरून पाहिलेली सगळी सुधारणा एका ई-रिक्षात मावत होती, हे त्यांना कळलं. त्यांचं तोंड इतकं उतरलं, की माझा राग निम्मा तिथेच ओसरला.

मी व्यवहाराची गोष्ट सांगितली. त्या दवाखान्याला फोन करायचा, उद्याची तपासणी रद्द म्हणायचं, यंत्र तासाभरात परत. भाऊजींनी फोन काढलाही. मग तो तसाच हातात धरून ते, ताई भरती झाल्यापासून पहिल्यांदा, दवाखान्याचा जिना चढले.

ताईनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘तुम्ही फोन करसान, अन् यंत्र वापस येईन,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या माझ्या उशाशी राहीन. परवा कोणाच्या उशाशी नसन, हे कोण पाहीन?’’

शेजारून रोशनीनं विचारलं, की ते यंत्र तिच्यासाठी होतं का. मला वाटलं भाऊजी टाळतील.

‘‘हो, पोरी,’’ ते म्हणाले. ‘‘तुयासाठीच होतं.’’

तिथेच उभं राहून त्यांनी सोनिका मॅडमना फोन लावला. तपासणी उद्या नाही, आत्ता करायची, आणि दोन्ही दवाखान्यांची, असं सांगितलं. मॅडमनी साहजिकच विचारलं, की त्या लोकांना तारीख आधी कळवली कुणी. सगळा वॉर्ड ऐकत होता. भाऊजींनी आवाज जराही खाली केला नाही.

‘‘मी कळवली. दर वेळी मीच कळवतो, मॅडम.’’

चौकापलीकडे आम्ही पोचलो तेव्हा मॉनिटर अजून गादीवरच होता. तिथले डॉक्टर हात जोडून म्हणाले, साहेब, तुम्ही तर सांगून येता. भाऊजींनी मान हलवली आणि कामाला लागले. फोटो निघाले, पंचनामा झाला, दोन्ही दवाखान्यांना नोटिसा गेल्या. यंत्र परत नेताना ते माझ्या मांडीवर होतं, आणि प्रत्येक गतिरोधकावर मी रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

सकाळी मॅडम स्वतः ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. रोशनीचं सिझेरियन चालू असताना मॉनिटर एकाएकी ओरडायला लागला. तिचा ऑक्सिजन उतरत होता. आतल्या लोकांनी धावपळ करून तिला सावरलं. नाडी धरून बसलो असतो तर वेळेवर कळलं नसतं, असं डॉक्टरांनी नंतर खाली मान घालून कबूल केलं. मुलगी झाली. ताईचे खडेही सुखरूप निघाले. तिनं ते बाटलीत भरून घरी आणले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली.

भाऊजींनी तपासलेल्या सगळ्या दवाखान्यांची फेरतपासणी झाली, न सांगता. बऱ्याच डॉक्टरांना स्वतःचं यंत्र विकत घ्यावं लागलं आणि त्यांनी भाऊजींना मनापासून शिव्या घातल्या. खात्यानं भाऊजींनाही नोटीस दिली, तपासणीचं काम काढून घेतलं आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसवलं. मला ते लागलं. त्यांना मात्र शिक्षा बरोबरच वाटत होती, आणि त्यावर बोललेलं त्यांना आवडत नसे.

एक दिवस मी डबा द्यायला गेलो होतो. खिडकीत रोशनी उभी होती, कडेवर गुटगुटीत पोरगी. मुलीचं नाव नोंदवायचं होतं, खुशी. जन्माची नोंद होते त्याच टेबलावर मृत्यूचीही होते. भाऊजींनी अर्ज पुढे सरकवला आणि आईनं सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. रोशनीनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वेळ लावून सही केली. भाऊजी त्या सहीकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि रांगेतल्या पुढच्या माणसावर उगाचच खेकसले.